पीयूसी प्रमाणपत्र

पीयूसी प्रमाणपत्र हा मोटार वाहनाच्या निष्कास नळीतून बाहेर पडणारे वायू व धूर भारतीय कायद्याने आखून दिलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला होय. ‘पोल्युशन अंडर कंट्रोल’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. मराठीत त्यास वायुप्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र म्हणता येते. तथापि बोलण्यात आणि रस्त्याकडेच्या फलकांवर ‘पीयूसी’ हाच शब्द रुळला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११५व्या नियमानुसार, प्रथम नोंदणीपासून एक वर्ष उलटल्यावर इंधनावर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाजवळ वैध पीयूसी असणे बंधनकारक आहे. भारत स्टेज ४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांसाठी हा दाखला एक वर्ष, तर त्याहून जुन्या वाहनांसाठी सहा महिने ग्राह्य असतो. विजेरीवर चालणाऱ्या वाहनांना तो लागत नाही.

हा दाखला नेमके काय सांगतो याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात. एका जागी उभ्या असलेल्या वाहनाची, काही मिनिटांत व मोजक्या घटकांपुरती घेतलेली ही चाचणी आहे. तेच वाहन प्रवासी किंवा माल घेऊन घाट चढताना हवेत काय सोडते, हे तिच्यावरून कळत नाही.

निष्कास वायूंतील घटक

पेट्रोल व डिझेल ही मुख्यत्वे हायड्रोकार्बनांची मिश्रणे आहेत. त्यांचे पूर्ण ज्वलन झाले तर कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ एवढेच उरावे. प्रत्यक्षात इंजिनाला त्यासाठी फारच थोडा अवधी मिळतो. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टनचा एक धक्का सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो. तेवढ्यात जे जळायचे राहते, अर्धवट जळते किंवा तापमान फार चढल्यामुळे नव्याने तयार होते, ते सारे नळीवाटे बाहेर येते.

हवा कमी व इंधन जास्त असले की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे प्राणघातक ठरते ते यामुळेच. न जळलेली हायड्रोकार्बने हा दुसरा घटक. तिसरा घटक म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे. ती इंधनातून येत नसून, सिलिंडरमधील उच्च तापमानात हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने बनतात. म्हणून इंजिनावर भार जितका अधिक तितके त्यांचे प्रमाण वाढते. हायड्रोकार्बने व ही ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिस शहरावरील धुरक्याचे हे कोडे कॅलिफोर्नियातील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास उलगडले आणि वाहनांच्या उत्सर्जनावरील कायद्यांना त्यानंतरच चालना मिळाली. चौथा घटक काजळीचे सूक्ष्मकण हा असून तो डिझेल इंजिनांत विशेष आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. वाहतूक पोलीस, रिक्षाचालक व रस्त्याकडेचे फेरीवाले यांना या साऱ्याचा संसर्ग सर्वाधिक होतो.

जुने मिस्त्री धुराच्या रंगावरून इंजिनाचे दुखणे ओळखतात. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेले किंवा इंजेक्टर बिघडलेले. निळसर धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून वंगण तेल जळत असल्याची खूण. पांढरा धूर थंडीच्या सकाळी केवळ वाफेचा असतो. इंजिन तापल्यावरही तो राहिला तर शीतनाचे पाणी सिलिंडरमध्ये शिरत असल्याचा संशय घ्यावा. ही पारख खरीच आहे, पण अपुरी आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही व वासही नाही, त्यामुळे त्याच्यासाठी यंत्रच लागते.

चाचणीची पद्धत

पेट्रोल, सीएनजी व एलपीजी वाहनांसाठी वायुविश्लेषक वापरतात. इंजिन गरम झाल्यावर ते न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटर न दाबता, संथ चालू ठेवतात आणि विश्लेषकाची शोधनळी निष्कास नळीत सुमारे ३०० मिलिमीटर आत घालतात. आत खेचलेल्या वायूतून अवरक्त किरण सोडले जातात. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचे किरण शोषतो. कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश पलीकडे पोहोचला यावरून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने व कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण कळते. ऑक्सिजनासाठी निराळा विद्युतरासायनिक संवेदक असतो. कार्बन डायऑक्साइड हे प्रदूषक म्हणून या चाचणीत गणले जात नसले तरी त्याचा आकडा उपयोगाचा आहे. शोधनळी वरवर घातली असेल किंवा सायलेन्सरला भोक पडून बाहेरची हवा मिसळत असेल, तर हा आकडा संशयास्पद उतरतो व लबाडी किंवा चूक उघडी पडते.

डिझेल वाहनांसाठी धूरमापक असतो. त्यात ‘मुक्त त्वरण’ पद्धत वापरतात: वाहन न्यूट्रलमध्ये उभे ठेवून ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात, इंजिन कमाल वेगाला पोहोचले की सोडतात, आणि असे अनेकदा करून वाचनांची सरासरी काढतात. धुराच्या स्तंभातून जाणारा प्रकाश किती अडला हे हार्ट्रिज एककात, म्हणजे शेकड्यात, सांगतात. स्तंभाची लांबी ०.४३ मीटर धरलेली असते. प्रकाश माध्यमातून जाताना घातांकी रीतीने क्षीण होतो या नियमावरून त्याच मापाचे शोषण गुणांकात रूपांतर करता येते. ६५ हार्ट्रिज म्हणजे १०० पैकी ३५ भाग प्रकाश पलीकडे पोहोचला, ०.३५ चा नैसर्गिक लॉगॅरिथम –१.०५ असून त्याचे चिन्ह सोडून ०.४३ ने भागल्यास सुमारे २.४५ प्रति मीटर हा गुणांक मिळतो. दाखल्यावर कधी ६५ तर कधी २.४५ असा आकडा दिसतो तो या कारणाने. दोन्ही मर्यादा एकच आहेत.

मर्यादा

१९८९च्या नियमांत पेट्रोलच्या दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, चारचाकींसाठी ३ टक्के, तर डिझेल वाहनांच्या धुरासाठी ६५ हार्ट्रिज एवढी होती. हायड्रोकार्बनांचा उल्लेख नव्हता. ते १ ऑक्टोबर २००४ पासून मोजले जाऊ लागले. तेव्हापासून ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकी-तीनचाकींना मोनॉक्साइड ४.५ टक्के व हायड्रोकार्बने दशलक्षात ९,००० भाग. त्यानंतर बनलेल्यांना मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बने टू-स्ट्रोक असल्यास ६,०००, फोर-स्ट्रोक असल्यास ४,५०० भाग अशी मर्यादा आहे. भारत स्टेज २ च्या पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना ३ टक्के व १,५०० भाग, स्टेज २ व ३ च्या मोटारींना ०.५ टक्के व ७५० भाग, तर स्टेज ४ च्या मोटारींना ०.३ टक्के व २०० भाग लागू आहेत. स्टेज ४ पासून इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर नेऊनही एक वाचन घेतात व त्यात हवा-इंधन प्रमाण तपासतात. डिझेलसाठी स्टेज ४ पासून मर्यादा ५० हार्ट्रिज, म्हणजे १.६२ प्रति मीटर, अशी कमी केली आहे.

हायड्रोकार्बनांसाठी टू-स्ट्रोक व फोर-स्ट्रोक असा भेद का, याचे उत्तर इंजिनाच्या रचनेत आहे. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू बाहेर ढकलण्याचे काम ताजे मिश्रणच करते, आणि ते करताना त्यातला काही भाग न जळताच नळीवाटे निसटतो. वंगण तेलही पेट्रोलमध्येच मिसळलेले असे. एके काळी स्कूटर व रिक्षांच्या मागे दिसणारा निळा धूर तो हाच. त्यात पेट्रोलमध्ये स्वस्त रॉकेलची भेसळ झाली की धुराला पारावार राहत नसे.

कायदेशीर तरतुदी

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या २०व्या कलमात वाहनांच्या उत्सर्जनाबाबत राज्य शासनांनी नोंदणी अधिकाऱ्यांना सूचना द्याव्यात अशी तरतूद आहे. तथापि प्रत्यक्ष अंमलबजावणी मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली होते. ११६व्या नियमानुसार पोलीस उपनिरीक्षक किंवा मोटार वाहन निरीक्षक यांच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी संशयित वाहन चाचणीसाठी नेण्यास सांगू शकतो. वाहन नापास झाल्यास दुरुस्ती करून सात दिवसांत दाखला सादर करावा लागतो. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने १९०व्या कलमाखालील शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी झाली.

चाचणी केंद्रांना मान्यता देणे व शुल्क ठरवणे हे राज्य शासनाच्या परिवहन विभागाचे काम आहे. जून २०२१ मध्ये केंद्र शासनाने देशभर दाखल्याचा नमुना एकसारखा केला, त्यावर क्यूआर कोड आणला, वाहनमालकाचा मोबाइल क्रमांक आवश्यक केला आणि नापास वाहनाला ‘नकार चिठ्ठी’ देण्याची पद्धत सुरू केली. या चिठ्ठीचे महत्त्व सहसा लक्षात घेतले जात नाही. तोवर नापास झालेल्या वाहनाची कोठे नोंदच उरत नसे. मालक दुसऱ्या केंद्रावर जाऊन दाखला मिळवू शकत असे.

विम्याशी या दाखल्याची सांगड घालण्याचा प्रयत्न बोधप्रद आहे. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१७ रोजी, वैध पीयूसी असल्याशिवाय विमा कंपन्यांनी वाहनाच्या विम्याचे नूतनीकरण करू नये असा आदेश दिला. परिणामी दाखला नसलेली वाहने विम्याविनाच रस्त्यावर राहू लागली आणि अपघातग्रस्तांची भरपाई अडचणीत आली. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ही अट मागे घेतली.

वाहन बाजारात येण्यापूर्वीची चाचणी

पीयूसी ही वापरातील वाहनांची तपासणी आहे. नव्या वाहनाच्या नमुन्याची चाचणी निराळी व बरीच कठोर असते. प्रयोगशाळेत वाहन रुळांवर चढवून ठरावीक चालनचक्रानुसार चालवतात, निष्कास वायू हवेत मिसळून पिशव्यांत गोळा करतात आणि प्रत्येक किलोमीटरमागे किती ग्रॅम प्रदूषक निघाले हे काढतात. भारतीय चालनचक्र १०८ सेकंदांचे असून त्यात कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आहे. मोटारींसाठीच्या सुधारित चक्रात तो ताशी ९० किलोमीटरपर्यंत जातो.

असे पहिले मानदंड पेट्रोल वाहनांसाठी १९९१ मध्ये व डिझेल वाहनांसाठी १९९२ मध्ये आले. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकी परिवर्तक बसवणे सुरू झाले. प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम यांचा लेप असलेले हे साधन विषारी वायूंचे कार्बन डायऑक्साइड, पाणी व नायट्रोजन यांत रूपांतर करते. परंतु पेट्रोलमधील शिसे त्या लेपाला निकामी करते. त्यामुळे शिसेविरहित पेट्रोल देणे भाग पडले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारे शिसे शहरांच्या हवेतून कमी झाले ते या निर्णयाने. इंधन सुधारल्याविना इंजिन सुधारत नाही, हे सूत्र पुढेही दिसते: स्टेज ४ साठी इंधनातील गंधक दशलक्षात ५० भागांवर, तर स्टेज ६ साठी १० भागांवर आणावे लागले. २००० मध्ये ‘इंडिया २०००’, २००५ मध्ये स्टेज २, २०१० मध्ये स्टेज ३ आणि २०१७ मध्ये स्टेज ४ देशभर लागू झाले. मोठ्या शहरांत प्रत्येक टप्पा काही वर्षे आधी आला. स्टेज ५ वगळून १ एप्रिल २०२० रोजी थेट स्टेज ६ आले. डिझेल मोटारीच्या सूक्ष्मकणांची मर्यादा त्यामुळे किलोमीटरमागे ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅमवर व नायट्रोजन ऑक्साइडांची ०.२५ वरून ०.०८ ग्रॅमवर उतरली.

महाराष्ट्राचा संबंध

वाहनांना मान्यता देणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी तीन महाराष्ट्रात आहेत. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, १९६६ मध्ये स्थापन झाली. कोथरूडजवळची टेकडी पुणेकरांत तिच्याच नावाने ओळखली जाते. पुण्यातच केंद्रीय सडक परिवहन संस्था, तर अहिल्यानगर येथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना आहे. २००१ मध्ये नेमलेल्या वाहन-इंधन धोरण समितीचे अध्यक्ष रघुनाथ माशेलकर होते. स्टेजनिहाय मानकांचे देशव्यापी वेळापत्रक या समितीच्या २००२च्या अहवालातून आले, आणि वापरातील वाहनांच्या तपासणीची व्यवस्था सुधारण्यावरही तिने भर दिला होता. पहिल्या भागाची अंमलबजावणी झाली. दुसरा भाग बव्हंशी अपुरा राहिला.

मुंबईत वाहनांच्या धुराविरुद्ध ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संघटनेने १९९९ मध्ये उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्या सुनावणीत परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे शहरातील जुन्या टॅक्सी व रिक्षांना सीएनजीकडे वळवण्यात आले.

उणिवा

संथ चालू इंजिनाची चाचणी कार्ब्युरेटरच्या काळात अर्थपूर्ण होती. त्या इंजिनांत हवा-इंधनाचे प्रमाण एका स्क्रूवर ठरे. वाहन नापास झाले तर मिस्त्री तो स्क्रू फिरवून मोनॉक्साइड कमी करी आणि मालकाचे पेट्रोलही वाचे. अर्थात चाचणीपुरता स्क्रू आवळून नंतर पुन्हा सैल करणारेही होतेच. आता इंधनाचे प्रमाण संगणक ठरवतो व परिवर्तक ठीक असेल तर संथ गतीतील आकडे शून्याजवळ असतात. नायट्रोजनची ऑक्साइडे भाराखाली निर्माण होतात, आणि पीयूसीमध्ये ती मोजलीच जात नाहीत. धूरमापक काळा धूर ओळखतो. काजळीची गाळणी काढून टाकलेल्या आधुनिक डिझेल मोटारीतून निघणारे अतिसूक्ष्म कण मात्र त्याला सहसा दिसत नाहीत. शहराच्या हवेला आज ज्यांचा उपद्रव अधिक आहे तेच दोन घटक अशा रीतीने चाचणीच्या बाहेर राहतात.

दुसरी उणीव यंत्रापेक्षा माणसाशी निगडित आहे. केंद्रे पेट्रोल पंपांवर, गॅरेजांत किंवा रस्त्याकडेला उभ्या केलेल्या व्हॅनमध्ये विखुरलेली असतात. शुल्क अल्प असते आणि वाहनाला नापास करणारे केंद्र आपलेच गिऱ्हाईक गमावते. दिल्लीतील वाहन-प्रदूषणावरील भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला. २०१५ ते २०२० या काळातील नोंदी तपासता, पेट्रोल, सीएनजी व एलपीजीच्या एक लाखाहून अधिक वाहनांचे आकडे मर्यादेबाहेर असूनही त्यांना दाखले दिल्याचे त्यात आढळले. दाखले मिळालेल्या सुमारे २२ लाख डिझेल वाहनांपैकी २४ टक्क्यांच्या बाबतीत तर मोजमापाचा आकडाच नोंदलेला नव्हता. एकाच केंद्रावर एकाच क्षणी एकाहून अधिक वाहने तपासल्याच्या नोंदीही सापडल्या.

याची किंमत कशी मोजावी लागते हे डेन्व्हर विद्यापीठातील डॉनल्ड स्टेडमन यांच्या कामावरून समजते. रस्त्याच्या आरपार प्रकाशकिरण सोडून धावत्या वाहनाचे उत्सर्जन क्षणार्धात मोजण्याचे दूरसंवेदी उपकरण त्यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केले. असंख्य वाहने मोजल्यावर त्यांना दिसले, की निम्म्याच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड केवळ दहा टक्के वाहनांमधून येतो. म्हणजे तपासणीचे खरे काम ही थोडी वाहने हुडकण्याचे आहे. जवळजवळ कोणालाच नापास न करणारी व्यवस्था नेमकी त्यांनाच दाखला देऊन मोकळी होते, आणि उरलेल्या नव्वद टक्क्यांचा वेळ व पैसा खर्ची घालते.

रस्त्यावरील मोजमाप

कारखान्याची प्रयोगशाळाही फसवली जाऊ शकते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी वाहनात मावणारी मापनयंत्रे बसवून डिझेल मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवल्या. त्यांच्या २०१४च्या निष्कर्षांतून फोक्सवॅगन प्रकरण उघड झाले व १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस बजावली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन घटवणारी आज्ञावली या मोटारींत होती. भारतात एआरएआयच्या तपासणीनंतर कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी परत बोलावल्या. भारतात १ एप्रिल २०२३ पासून स्टेज ६ च्या दुसऱ्या टप्प्यात नव्या वाहनांना रस्त्यावरील उत्सर्जनाची चाचणी लागू झाली.

वापरातील वाहनांसाठी युरोपात कणांची संख्या मोजण्याची पद्धत पुढे आली आहे. शोधनळी नळीत घालून संथ गतीवरच दर घन सेंटिमीटरमागे किती कण आहेत हे मोजतात. काजळीची गाळणी फुटलेली वा काढलेली असल्यास आकडा कित्येक पटींनी वाढतो व वाहन लगेच सापडते. डिझेल वाहनांसाठी ही चाचणी बेल्जियमने जुलै २०२२, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून नियमित तपासणीत आणली.